वजीर फुकट गेला तरी डाव सोडू नका: ऑनलाइन बुद्धिबळात ब्लंडर झाल्यावर काय काय करायचं

दहा मिनिटांचा रॅपिड डाव चालू असतो, सोंगट्या व्यवस्थित बाहेर आलेल्या असतात, कॅसलिंग झालेलं असतं, आता अटॅक करू म्हणून आपण वजीर पुढे काढतो आणि बोट उचलल्या उचलल्या दिसतं की समोरच्याचा उंट लांबच्या कोपऱ्यातून नेमका त्याच घरावर रोखलेला आहे. काळजात धस्स होतं. नवीन खेळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं, आठवड्यातून दोनदा तरी येतंच, आणि त्यानंतर बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात: लगेच रिझाइन, नाहीतर रागाच्या भरात दोन सेकंदात पुढची चाल, नाहीतर "आता गेलंच आहे तर" म्हणून उरलेला घोडा पण समोरच्या राजावर नेऊन आपटायचा.

मी सुरुवातीचं जवळजवळ एक वर्ष हेच करत होतो. मग एकदा बसून माझे जुने हरलेले डाव परत बघितले तेव्हा लक्षात आलं की पहिल्या ब्लंडरनंतर, म्हणजे पहिल्या मोठ्या चुकीनंतर, बऱ्याच डावात काहीतरी शिल्लक होतं, खरं वाटोळं झालं होतं ते त्याच्या पुढच्या तीन-चार चालींत. म्हणून हे लिहितोय, आठशे-हजार रेटिंगच्या आसपास खेळणाऱ्यांसाठी, ब्लंडर झाल्याच्या सेकंदापासून पुढे क्रमाने काय करायचं ते.

पहिलं: हात मागे घ्या

अक्षरशः मागे. फोनवर खेळत असाल तर फोन टेबलावर ठेवा, माउस असेल तर सोडा. प्री-मूव्ह (समोरच्याने खेळायच्या आधीच लावून ठेवलेली आपली चाल) लावलेली असेल तर आधी ती काढा, कारण ती चाल तुम्ही जुन्या पोझिशनसाठी लावली होती आणि ती पोझिशन आता राहिलेली नाही. दहा मिनिटांच्या डावात इथे तीस सेकंद घालवले तरी काही बिघडत नाही. पूर्ण डावातले सगळ्यात महत्त्वाचे तीस सेकंद हेच आहेत असं मला वाटतं, आणि नवीन माणूस नेमका इथेच सगळ्यात फास्ट खेळतो.

चॅटमध्ये काही लिहू नका. "अरेरे" नको, दुःखी स्माइली नको, लगेच ड्रॉ ऑफर तर अजिबात नको. कारण एकदम साधं आहे, समोरच्याला ते अजून दिसलंच नसेल तर?

हे नवख्यांच्याच डावात होतं असं समजू नका. २०१४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, सोची, आनंद विरुद्ध कार्लसन, सहावा डाव. कार्लसनने २६ व्या चालीला राजा डी२ या घरावर (अक्षर म्हणजे उभी रांग, म्हणजेच फाइल, आणि आकडा म्हणजे आडवी ओळ) नेला आणि ती सरळ सरळ मोठी चूक होती, आनंदने घोड्याने ई५ वरचं प्यादं मारलं असतं तर डाव आनंदच्या बाजूला झुकला असता आणि मॅचचं चित्रच वेगळं झालं असतं. कार्लसनला चाल खेळल्या खेळल्या चूक कळली होती. पण तो शांत बसून राहिला. आनंद आपल्याच प्लॅनमध्ये होता, त्याने ए फाइलचं प्यादं पुढे ढकललं, संधी गेली, आणि तो डाव शेवटी कार्लसन जिंकला. वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या दोन माणसांच्या बाबतीत हे होतं तर आपल्या दहा मिनिटांच्या डावात समोरच्याला उंट दिसला नसण्याची शक्यता किती असेल याचा विचार करा. ऑनलाइनमध्ये तर तुमचा चेहराही त्याला दिसत नाही, तो फायदा आपणच चॅट करून का घालवायचा.

बोट घसरून चाल झाली असेल, म्हणजे जायचं होतं एका घरात आणि सोंगटी पडली शेजारच्या, तर लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर चाल मागे घ्यायची विनंती करता येते, पण ते समोरच्याच्या मर्जीवर आहे. मित्राबरोबर सहज खेळताना जरूर मागा. रेटिंगच्या डावात अनोळखी माणसाकडे मी मागत नाही, कारण तो हो म्हणेल का या विचारात डोकं अडकतं आणि ब्लंडर झालाय हे पण त्याला आपणच सांगून मोकळे होतो. असं वारंवार होत असेल तर सेटिंगमध्ये चाल कन्फर्म करायचा ऑप्शन असतो तो चालू करा.

मग: नक्की काय गेलंय ते मोजा

घाबरलेल्या माणसाला सगळंच गेल्यासारखं वाटतं. प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९, हा हिशोब सगळ्यांना पाठ असतो पण चूक झाल्यावर कोणी करत नाही. वजीर गेला पण बदल्यात हत्ती आणि उंट मिळत असेल तर तुम्ही नऊ नाही, एकच मागे आहात. घोडा गेला पण दोन प्यादी मिळाली, तरी एकच.

आणि अजून एक, "सोंगटी जाणार आहे" म्हणजे ती अजून गेलेली नाही. मध्ये तुमची एक चाल आहे. त्या चालीत आधी बघायचं की शह देता येतो का, मग काही मारता येतं का, मग तिकडच्या मोठ्या सोंगटीला धमकी देता येते का. याच क्रमाने. जाणारी सोंगटी जाताना काय घेऊन जाऊ शकते ते पण बघा, घोडा मरणारच असेल तर मरण्याआधी निदान एक प्यादं मारून जाऊ दे.

याचं एक उदाहरण सविस्तर देतो, पट समोर मांडून बघा, कारण हा सापळा नवीन अकाउंटवाल्यांना ऑनलाइन हमखास भेटतो.

तुम्ही पांढरे. ई४, ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, आणि आता काळा घोडा डी४ वर आणतो. ई५ वरचं प्यादं उघडं पडलेलं दिसतं म्हणून तुम्ही घोड्याने ते मारता. झाला ब्लंडर, कारण काळा वजीर जी५ वर येतो आणि एकाच वेळी तुमच्या ई५ च्या घोड्यावर आणि जी२ च्या प्याद्यावर हल्ला करतो. (ब्लॅकबर्न शिलिंग गँबिट म्हणतात याला.)

इथे घाबरलेला माणूस काय करतो? त्याला दिसतं की घोडा एफ७ वर मारला तर वजीर आणि हत्ती दोन्ही फोर्कमध्ये, म्हणजे एकाच वेळी हल्ल्यात, येतात. वा, वाचलो! आणि तो मारतो. मग काळा वजीर जी२ चं प्यादं मारतो, तुम्ही हत्ती एफ१ वर सरकवता, वजीर ई४ मारून शह देतो, तुम्ही उंट ई२ ला मध्ये घालता, आणि काळा घोडा एफ३ वर येऊन मात. तुमचा ई२ चा उंट वजिराने पिन केलेला आहे (हलला तर मागच्या राजाला शह बसतो) त्यामुळे तो घोड्याला मारू शकत नाही. सात चालींत डाव संपला. पहिली चूक एका सोंगटीची होती, दुसरी पूर्ण डावाची.

आता तीच जागा तीस सेकंद थांबून बघू. शह देता येतो का? हो, सी४ चा उंट एफ७ चं प्यादं मारून शह देतो, आणि त्या उंटाला ई५ च्या घोड्याचा जोर आहे म्हणून राजा त्याला मारू शकत नाही, राजाला हलावंच लागतं, म्हणजे त्याचं कॅसलिंग कायमचं गेलं. समजा तो ई७ वर गेला. आता तुम्ही शांतपणे कॅसलिंग करा, जी२ ला राजाचा जोर मिळाला. तो वजिराने ई५ चा घोडा मारतो, मारू दे. तुम्ही उंटाने जी८ चा घोडा मारा, त्याचा हत्ती उंट मारेल. मग सी३, डी४ वरच्या घोड्याला हाकला, तो सी६ ला गेला की डी४, वजिरावर हल्ला. आता मोजा: तुमची एक सोंगटी कमी आहे, बदल्यात दोन प्यादी आहेत, मधली जागा सगळी तुमची, आणि त्याचा राजा ई७ वर उघडा उभा, कॅसलिंग नाही. या पोझिशनला हरलेली म्हणायचं कारण नाही, आणि आमच्या लेव्हलला तर सापळा लावणारे बरेचदा फक्त सापळाच पाठ करून आलेले असतात, तो फसला की पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नसतं.

दुसरा फटका बसू देऊ नका

यावर फार बोलण्यासारखं नाही पण करायलाच लागतं. आपल्या सगळ्या सोंगट्यांवरून एकदा नजर फिरवा, कोणाला जोर नाहीये, कोण सुटं आहे. राजा कुठे आहे, शेवटच्या ओळीत कोंडून मात बसण्यासारखी आहे का, असेल तर एच३ किंवा एच६ करून राजाला खिडकी उघडा. वजीर गमावल्यावर माणूस त्या गेलेल्या वजिराकडेच बघत बसतो आणि तिकडे हत्ती उचलला जातो.

काय मारायचं आणि काय नाही मारायचं

मागे पडल्यावरचा नियम लहानपणी कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं: सोंगट्या टिकवा, प्यादी उडवा. जो पुढे आहे त्याला सोंगट्यांची मारामारी करून पट रिकामा करायचा असतो, कारण पट रिकामा झाला की त्याची एक जास्तीची सोंगटी मोकाट फिरते. म्हणून तो वजिराला वजीर द्यायला आला तर बाजूला व्हा, जमेल तिथे. उलट प्यादी जितकी कमी तितका तो वजीर करायला कमी प्यादी घेऊन बसलेला असेल, आणि शेवटी त्याच्याकडे राजाबरोबर नुसता एक उंट किंवा नुसता एक घोडा उरला तर त्याला मात करताच येत नाही, ड्रॉ.

ही चूक किती मोठ्या पटावर झाली आहे बघा. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, वर्ल्ड चॅम्पियनशिप, गुकेश विरुद्ध डिंग लिरेन, शेवटचा चौदावा डाव. डिंगकडे एक प्यादं कमी होतं, पण हत्ती आणि उंट दोन्ही होते आणि डाव ड्रॉकडे चालला होता. ५५ व्या चालीला त्याने हत्ती एफ२ वर आणून हत्तीला हत्ती दिला. त्याचा उंट कोपऱ्यात ए८ वर होता, त्यामुळे हत्ती गेल्यावर गुकेशने उंट डी५ वर आणून उंटही मारायला लावला, आणि उरले फक्त राजे आणि प्यादी, ज्यात ते एक जास्तीचं प्यादं जिंकायला पुरेसं होतं. तीन चालींनंतर डिंगने डाव सोडला आणि गुकेश १८ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्यामुळे मागे असताना "चला एकदाचं साफ करून टाकू" असं वाटायला लागलं की तिथेच थांबायचं. दमलेल्या डोक्याला मारामारी सोपी वाटते म्हणून आपण ती करतो, पण सोपं होतं ते समोरच्याला.

अपवाद आहेत. वेगळ्या रंगाचे उंट, म्हणजे तुमचा पांढऱ्या घरांवरचा आणि त्याचा काळ्या, आणि बाकी फक्त प्यादी, असा एंडगेम मिळत असेल तर एखाद-दोन प्यादी कमी असतानाही बऱ्याचदा ड्रॉ होतो, तिकडे जायला मारामारी करावी लागली तर करा.

आता समोरच्याला विचार करायला लावा

वजीर जिंकलेल्या माणसाचं काय होतं ते आठवा, आपण पण कधीतरी जिंकलेला असतो. आता जिंकलोच म्हणून खुर्चीत मागे रेलतो, मोबाइलवर दुसरं काहीतरी बघतो, चाली पटापट खेळायला लागतो. हाच आपला चान्स आहे. प्रत्येक चालीला त्याच्यासमोर एक छोटा प्रश्न टाकत राहायचं, त्याच्या राजाजवळ घोडा नेऊन ठेवायचा, एखादं प्यादं सहाव्या ओळीपर्यंत ढकलायचं, एखादी पिन तशीच ताणून ठेवायची. घोडा यासाठी सगळ्यात चांगला, फोनच्या छोट्या स्क्रीनवर घोड्याचा फोर्क भल्याभल्यांना दिसत नाही. पण खोटी धमकी नको जी त्याने बघितली तर तुमचीच पोझिशन अजून खराब होते. "त्याने बघितलं नाही तर जिंकलो" अशी चाल आणि "त्याने बघितलं तरी माझं नुकसान नाही" अशी चाल, दोन्ही समोर असल्या तर दुसरी खेळा.

१ जून २०२५ ला नॉर्वे चेसमध्ये गुकेशने कार्लसनला हरवलं तो डाव मिळाला तर बघा. गुकेश खूप वेळ हरत्या पोझिशनमध्ये होता. पण तो प्रत्येक चालीला काहीतरी अडचण उभी करत राहिला, कार्लसनचं घड्याळ उतरत गेलं आणि शेवटच्या काही सेकंदांच्या खेळात घोड्याची एक चूक झाली आणि डाव उलटला. क्लासिकल डावात गुकेशने कार्लसनला हरवायची ती पहिली वेळ होती.

घड्याळाचं मात्र आधी बघून घ्या. दर चालीला वाढीव सेकंद नसतील, म्हणजे १०+० असेल, तर समोरच्याचे दोन मिनिट आणि तुमची पाच हा खराखुरा फायदा आहे, घोड्याएवढा मोठा. १५+१० असेल तर वेळेवर जिंकायची आशा धरू नका, पोझिशनवरच लढा.

अगदी शेवटचे धागे

सगळं हरल्यासारखं झालं तरी हे चार धागे शिल्लक आहेत का ते बघा.

स्टेलमेट. तुमच्याकडे फक्त राजा, त्याच्याकडे वजीर, आणि तुमचा राजा ए८ च्या कोपऱ्यात असेल तर त्याने वजीर बी६ वर किंवा सी७ वर ठेवला की तुम्हाला शह नाही आणि चालही नाही, ड्रॉ. हजाराच्या खाली हे इतक्या वेळा होतं की मी भाच्याला सांगून ठेवलंय, राजा एकटा उरला की रिझाइन करायचं नाही, कोपऱ्याकडे चालायला लागायचं. एक पुढची पायरी पण आहे: तुमच्या राजाला चाल नाही आणि फक्त हत्तीलाच चाल उरली आहे, तर तो हत्ती शह देत देत समोरच्या राजाच्या तोंडात घाला, त्याने मारला की स्टेलमेट, नाही मारला तर पुन्हा शह.

सतत शह. तुमच्याकडे वजीर असेल आणि त्याचा राजा उघडा असेल तर शह देत राहा, तीच पोझिशन तीनदा आली की ड्रॉ. हा ड्रॉ आपोआप लागतो की बटण दाबून मागावा लागतो ते साइटप्रमाणे बदलतं, लीचेसवर त्याचं सेटिंग आहे, ते आत्ताच बघून ठेवा, डाव चालू असताना शोधत बसू नका.

चुकीचा उंट. समोरच्याकडे एक उंट आणि फक्त ए किंवा एच फाइलचं प्यादं उरलंय, आणि ते प्यादं ज्या कोपऱ्यात वजीर होणार ते घर उंटाच्या रंगाचं नाही. तुमचा राजा त्या कोपऱ्यात पोचला की तो काहीही करू दे, तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. त्यामुळे एक सोंगटी मागे असताना बाकीची प्यादी उडवत उडवत इकडे येता येतं का ते डोक्यात ठेवा.

चौथा धागा म्हणजे एक प्यादं जपणं. समोरच्याची वेळ संपली आणि तुमच्याकडे नुसता राजा असेल तर ड्रॉ मिळतो, पण एक जरी प्यादं असेल तर तुम्ही जिंकता, कारण त्या प्याद्याचा वजीर होऊ शकला असता. पण प्याद्याला चाल असेल तर स्टेलमेट होत नाही हे पण खरं, म्हणून सगळ्यात भारी ते प्यादं जे समोरच्या प्याद्याने अडवून ठेवलेलं आहे, दोन्ही दारं उघडी राहतात.

रिझाइन कधी करायचं असं विचाराल तर, नवीन असताना रॅपिडमध्ये जवळजवळ कधीच नाही. समोर वजीर आणि हत्ती, तुमच्याकडे एकटा राजा, त्याच्याकडे पाच मिनिटं आणि तो नीट शिडी करत (ओळीओळीने राजाला कडेला रेटत) चाललाय, तेव्हा सोडा हवं तर.

आणि डाव चालू असताना इंजिन (चांगली चाल सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) उघडायचं नाही, दुसऱ्या टॅबमध्ये "फक्त बघतो" असं पण नाही. ते फसवणं आहे, अकाउंट बंद होतं, आणि होणं बरोबरच आहे.

डाव संपल्यावर

हरलात तर रीमॅचचं बटण लगेच दाबू नका. चिडलेल्या अवस्थेत खेळलेले पुढचे तीन डाव पहिल्यापेक्षा वाईट जातात. माझा नियम, लागोपाठ दोन हरले की त्या दिवशी रेटेड बंद, पझल सोडवायची नाहीतर उठून चहा. रेटिंगचा आकडा खूप खाली आला म्हणून पण घाबरू नका, नवीन अकाउंटवर एकेका डावाला आकडा भरपूर हलतो, कारण सिस्टिमला तुमची ताकद अजून कळलेली नसते. लीचेसवर सगळे १५०० पासून सुरू होतात आणि रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह असतं ते त्याचसाठी.

मग डाव उघडा, पण इंजिन आधी नको. ब्लंडरच्या चालीवर या आणि स्वतःला विचारा, त्या वेळी मी काय बघत होतो? वहीत एक ओळ लिहा. माझ्या वहीत साधारण चारच कारणं परत परत येतात: समोरच्याच्या शेवटच्या चालीने काय धमकी आली ते बघितलंच नाही, जी सोंगटी दुसरीला जोर देत होती तीच हलवली, लांबचा उंट दिसला नाही, बोट घसरलं. वीस डावांनंतर ओळी मोजा. माझ्या निम्म्याहून जास्त ओळी दुसऱ्या कारणाच्या निघाल्या आणि तेव्हापासून सोंगटी उचलण्याआधी "ही इथे कोणाला सांभाळतेय?" एवढंच मी विचारतो. त्यानंतर इंजिन लावा. लीचेसवर ॲनालिसिस फुकट आहे आणि तुमच्या चुकांची पोझिशन परत समोर ठेवून चांगली चाल तुम्हालाच शोधायला लावायची सोय पण आहे, ती वापराच.

सराव कसा करायचा ते सांगून थांबतो. लीचेसच्या बोर्ड एडिटरमध्ये सुरुवातीचा पट मांडा, स्वतःचा एक घोडा काढून टाका आणि तिथून कॉम्प्युटरच्या खालच्या लेव्हलशी खेळा. लेव्हल अशी निवडा की पूर्ण सोंगट्यांनिशी तुम्ही तिला सहज हरवता. पहिल्या दिवशी नुसतं चाळीस चाली टिकून दाखवा, वजिराला वजीर न देता. ते जमलं की ड्रॉ काढायला बघा. मग घोड्याऐवजी हत्ती काढा.